शब-ए-कद्रला रात्रपाळी आहे, इबादत कशी करायची?

रात्रपाळीवाली:
सलाम सगळ्यांना. मी नर्स आहे, आयसीयूत. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मला नेमकी रात्रपाळी लागली आहे आणि २७ वी रात्रही, जिला आमच्याकडे शब-ए-कद्र (वर्षातली सर्वांत पुण्याची रात्र) मानतात, त्यातच येते. घरचे सगळे जागणार, नफल (जादाची नमाज) पढणार, तिलावत (कुरआन वाचन) करणार, आणि मी मॉनिटरसमोर बसणार. दोन शंका आहेत. २७ वी रात्र म्हणजे २६ वा रोजा सोडल्यानंतरची की २७ वा? आमच्या घरात दरवर्षी यावरून वाजतं. दुसरं म्हणजे, ड्यूटीवर असताना काय करता येईल? त्यात तेव्हाच मासिक पाळी आली तर नमाजही नाही. मग यंदाची शब-ए-कद्र गेलीच म्हणायची का?

सबूरी:
पहिल्याचं उत्तर सोपं आहे ताई. हिजरी तारीख सूर्यास्ताला बदलते, रात्र आधी आणि दिवस मागून. २६ वा रोजा सोडला, मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) झाली की २७ वी रात्र सुरू. दुसऱ्यासाठी गणितवाले चाचा येतीलच, त्यांना हा विषय मिळाला की थांबत नाहीत.

गणितवाले चाचा:
आलो. बेटा, आधी ते '२७ वीच' डोक्यातून काढ. उबय बिन काब हे मोठे सहाबी (पैगंबरांचे साथी), ते शपथेवर २७ वी सांगायचे, म्हणून ती इतकी रुजली. पण दुसरे सहाबी अबू सईद खुदरी यांच्या हदीसमध्ये (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) २१ वी आहे. त्या रात्री पाऊस पडला, मशिदीचं छत गळलं आणि फजरच्या (पहाटेच्या) नमाजनंतर पैगंबरांच्या (स.अ.व.) कपाळावर चिखल दिसला. दोन्ही रिवायती (सांगितलेले वृत्तांत) सही, म्हणजे भरवशाच्या आहेत. त्यामुळे बरेच उलेमा (धर्मपंडित) म्हणतात की ती शेवटच्या दहांत शोधायची, विषम रात्रींवर जास्त भर देऊन.

आता विषम म्हणजे तरी कुठून मोजायचं? एका हदीसमध्ये 'नऊ उरल्या असताना, सात उरल्या असताना, पाच उरल्या असताना' असं उलटं मोजलंय. महिना २९ चा निघाला तर नऊ उरतात त्या २१ व्या रात्री. ३० चा निघाला तर २२ व्या! आणि महिना किती दिवसांचा, हे चंद्र दिसेपर्यंत कोणाला कळतं? वर एका देशात रोजे एक दिवस आधी सुरू झाले तर त्यांची विषम रात्र ती शेजारच्यांची सम. म्हणून माझं सरळ मत आहे की दहाही रात्री धरा, थोडं थोडं करा. २७ ला मशिदीत पाय ठेवायला जागा नसते आणि २८ ला मागच्या सफा (रांगा) रिकाम्या, हे मला पटत नाही.

तुमच्या घरातल्या वादावरून आठवलं. पैगंबर ही रात्र नेमकी कोणती ते सांगायला बाहेर आले होते, तेवढ्यात दोघं जण भांडत होते आणि ते ज्ञान उचललं गेलं. पुढे ते म्हणाले की कदाचित यातच तुमचं भलं असेल. तेव्हा तारखेवरून भांडणाऱ्यांना ही हदीस जरूर ऐकव.

सूरह कद्र पाचच आयतींची आहे, ९७ वी. ही रात्र हजार महिन्यांहून उत्तम, म्हणजे ८३ वर्षं ४ महिने. (ही चांद्र वर्षं हं, सौर धरली तर ८१ च्या जरा आत. सवय आहे, जात नाही.) शेवटच्या आयतीत 'पहाट उगवेपर्यंत' सलामती आहे. म्हणजे मगरिबपासून फजरपर्यंतचा प्रत्येक क्षण त्यातलाच, तुझा चहाचा ब्रेकसुद्धा.

करायचं काय? इशा (रात्रीची नमाज) आणि फजर सोडू नकोस. जमातीने (सगळ्यांसोबत) पढता आली तर सगळी रात्र उभं राहिल्याचं सवाब (पुण्य) आहे, तशी 'सही मुस्लिम' या हदीस-संग्रहात हदीस आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी त्यांना विचारलं होतं की ती रात्र मिळाली तर काय म्हणू, तेव्हा त्यांना शिकवलेली दुआ एका ओळीची आहे: 'अल्लाहुम्मा इन्नका अफुव्वुन तुहिब्बुल अफ्वा फअफु अन्नी.' हे अल्लाह, तू माफ करणारा आहेस, माफ करणं तुला आवडतं, मला माफ कर. सलाइन बदलतानाही म्हणता येते. मासिक पाळी आली तर नमाज नाही, पण दुआ, जिक्र (अल्लाहचं स्मरण), दरूद (पैगंबरांवर सलाम), इस्तिगफार (माफी मागणं), कुरआन ऐकणं यातलं काहीच बंद नाही. आणि नर्सबाई, रात्री कण्हणाऱ्या माणसाला कूस बदलून देणं हेही नेकीतच मोडतं.

कूफाचा मुसाफिर:
आम्हा शियांकडे १९, २१ आणि २३ या रात्री, त्यातही २३ वर जास्त जोर. १९ च्या पहाटे इराकमधल्या कूफाच्या मशिदीत हजरत अलींवर (पैगंबरांचे जावई, आमचे पहिले इमाम) वार झाला आणि २१ रमजान ४० हिजरीला ते शहीद झाले, म्हणून इबादतीत मातमही मिसळलेला असतो. डोक्यावर कुरआन ठेवून दुआ मागतात. जौशन कबीर ही लांबलचक दुआही पढतात. तिचे १०० भाग आहेत, सगळी वाचायला वेळ लागतो. ताईंना ब्रेकमध्ये दोन-चार भाग जमतील.

सहज_विचारतो:
मी मुस्लिम नाही. शब-ए-बरात म्हणतात ती हीच का?

गणितवाले चाचा:
नाही. ती शाबानची १५ वी रात्र, रमजानच्या आधीच्या महिन्यातली. तिच्या फजिलतीवर (महत्त्वावर) उलेमांत मतभेद आहेत. शब-ए-कद्रवर नाहीत, तिच्या नावाची सूरहच आहे.

रात्रपाळीवाली:
शुक्रिया चाचा. मला एकच ब्रेक मिळतो, पाऊण तासाचा, पण वेळ मी ठरवू शकते. कधी घेऊ?

गणितवाले चाचा:
शेवटच्या तिहाईत. समजा मगरिब ६:४५ ला आणि फजर ५ ला, तर रात्र सव्वादहा तासांची. तिचा तिसरा हिस्सा ३ तास २५ मिनिटं, म्हणजे १:३५ पासून पुढे. तुझ्याकडच्या वेळा टाकून काढ. सेहरीही (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) त्यातच उरकायची असेल तर सव्वाचारला घे, आधी दोन रकात (नमाजचे फेरे) आणि दुआ, मग खाणं. आणि जोडीदारणीला आधीच सांगून ठेव, म्हणजे सज्द्यात असताना अलार्म वाजला तरी ती बघेल.

रात्रपाळीवाली:
ती ख्रिश्चन आहे, नाताळची तिची ड्यूटी मी केली होती. सांगते तिला.