'रेड अलर्ट' हा शब्दप्रयोग सोडून द्यावा काय?

पणजीकर: पावसाळा लागला की गोव्यातील मराठी वृत्तपत्रांत 'राज्यात रेड अलर्ट' असे मथळे झळकतात. हवामान खात्याची मूळ मांडणी मात्र निराळी आहे. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे 'अलर्ट', अर्थात सज्ज राहा, आणि लाल म्हणजे 'वॉर्निंग', अर्थात कृती करा. शब्दाचे मूळ पाहिले, तर ही वाटणी किती नेमकी आहे ते कळते. इटालियन भाषेत 'एर्ता' म्हणजे चढ. 'आल्लेर्ता' म्हणजे उंचावर जा, टेहळणी करा. फ्रेंचमार्गे हा शब्द १६व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. 'अलार्म'ही इटालियनच, पण त्याचा अर्थ 'हत्यारे उचला'. म्हणजे पहिली हाक पाहण्याची आणि दुसरी हातपाय हलवण्याची. लाल रंगाला पहिलीच हाक जोडली, तर लोक गच्चीवरून नदीचे पाणी बघत बसतील. तेव्हा नारिंगीसाठी 'सज्ज राहा' आणि लालसाठी 'इशारा' असे लिहावे, असे माझे मत आहे.

मडगावचा वाचक: आपली व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष अमान्य. मूळ अर्थच प्रमाण मानायचा, तर 'सज्ज' शब्दही टाकावा लागेल, कारण तो 'सज्य' म्हणजे दोरी ('ज्या') चढवलेल्या धनुष्यावरून आला, आणि पुराला तोंड देताना धनुष्य कोणी हाती घेत नाही. 'सावध'मध्ये नुसते अवधान आहे. मंगलाष्टकांत 'सावधान' ऐकून कोणी पळून जात नाही (एक प्रसिद्ध अपवाद सोडून). शिवाय 'इशारा' हा शब्द आपण सुचवता, पण मराठी बातम्यांत 'पिवळा इशारा', 'नारिंगी इशारा' हे प्रयोग केव्हाच रुळले आहेत. म्हणजे आपण एक सैल शब्द काढून तितकाच सैल दुसरा बसवत आहात. वाचक 'लाल' एवढेच वाचतो, आणि ते पुरेसे आहे.

वास्कोचा रहिवासी: दोघांनीही जेटीवर येऊन पाहावे. यांत्रिक मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, पण दर्या काही तारीख पाहून शांत होत नाही. डिझेल भरलेले, बर्फ चढवलेला, खलाशी ट्रॉलरवर बसलेले, आणि मालक मोबाइलवर बातमी उघडून एवढेच विचारतो, "वचूंक जाता काय ना?" (जाता येईल की नाही?) त्या बातमीत अलर्ट आहे की इशारा, याने त्याचे काही अडत नाही. बंदरावर चढणारा वादळाच्या सूचनेचा बावटा त्याला अधिक कळतो, कारण त्याचा क्रमांक ठरलेला आणि त्या क्रमांकाचा अर्थही ठरलेला. मथळ्याने तेवढे सांगितले तरी पुष्कळ झाले.

पणजीकर: नेमके हेच तर मी म्हणतो! बावट्याला ठरलेला अर्थ आहे म्हणून तो चालतो. खात्याच्या रंगांनाही तो आहे, आपण मथळ्यात तो पुसून टाकतो. रंग नुसता पावसाच्या आकड्यावर ठरत नाही. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टीची सर्वांत वरची पायरी हे खरे, परंतु त्या पावसाचा कोठे काय परिणाम होईल आणि त्याची शक्यता किती, हेही पाहिले जाते. इतका विचार करून दिलेली सूचना तिन्ही रंगांना एकच शब्द लावून सपाट करणे मला पटत नाही. 'सज्ज'चे धनुष्य आज कोणाला आठवत नाही, पण 'सज्ज राहा' म्हटले की सामान उंचावर ठेवावे, टॉर्च हाताशी ठेवावा, हे घरातल्या कोणालाही कळते.

मडगावचा वाचक: धनुष्य विसरले गेले म्हणून 'सज्ज' चालतो, तर मग टेहळणीचा चढ विसरला गेलेला 'अलर्ट' का चालू नये? 'यलो अलर्ट'पासून 'रेड अलर्ट'पर्यंत तो आता सूचनेचे सामान्य नाव झाला आहे आणि लोकांच्या तोंडून तो काढता येणार नाही. वास्कोकरांचा मुद्दा मात्र मी घेतो. मथळ्यात हवा तो शब्द ठेवा, पण त्याच ओळीत काम सांगा: 'लाल: होड्या काठाला घ्या', 'लाल: नदीकाठची घरे सोडा'.