ड्रम्सचा स्कोअर : हात-पाय वेगळे लिहायचे की एकत्र?

तिहाई : म्यूजस्कोअरमध्ये (संगणकावर नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर) ड्रमसेट घेतला की किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि पायाचा हाय-हॅट (झांजांची जोडी) आपोआप व्हॉइस २ मध्ये, म्हणजे त्याच रेषांवरच्या दुसऱ्या स्वतंत्र ओळीत जातात, नोटांच्या दांड्या खाली. स्नेअर, टॉम (हे हाताचे ड्रम), सिंबल (झांज) व्हॉइस १ मध्ये, दांड्या वर. माझं मत, ही मांडणी मोडावी. ड्रमसेटचा तक्ता (कुठला ड्रम कुठे आणि कसा दिसेल ते ठरवणारा) उघडून सगळ्यांना व्हॉइस १ द्या, दांडी वर. (नोटा भरायच्या आधीच करा, लिहून झालेल्यांचा व्हॉइस बदलत नाही.) साधा रॉक ठेका घ्या. १-३ वर किक, २-४ वर स्नेअर, वर आठ हाय-हॅट. दोन व्हॉइस केले की खाली रेस्टचा (थांब्याच्या खुणांचा) नुसता सडा! फंकमध्ये तर किक दोन हॅटच्या मधल्या सोळाव्यावर (पाव मात्रेच्या नोटेवर) पडते. सगळं एकाच बीमखाली (नोटा जोडणाऱ्या आडव्या रेघेखाली) असलं की ती नेमकी कुठे पडते ते पटकन दिसतं.

राईडवाला : सडा पडतो, कारण तुम्ही झाडत नाही. व्हॉइस २ मधले रेस्ट निवडून सरळ डिलीट होतात. आता जॅझचं पान लिहून बघा. राईड (ठेका धरणारी मोठी झांज) अखंड चाललेली, पायाचा हॅट २-४ वर, मधे डावा हात स्नेअरवर मनाला येईल तसा. हे सगळं एका दांडीत कोंबलं की राईडची सलग ओळच हरवते. तुमचं पान दिसायला स्वच्छ, वाचायला खिचडी.

बेसकाका : आम्हा बेसवाल्यांना फक्त किक हवी असते. दांड्या खाली असल्या की नजर थेट तिथे जाते. राईडवाल्यांना अनुमोदन.

तिहाई : जॅझपुरतं मान्य. पण शाळेच्या बँडमधल्या पोरासमोर तुम्ही जॅझ ठेवणार आहात का? त्याला दोन व्हॉइस मनात जुळवत बसायला लावायचं कशाला?

टिपरू : तुमचा हात-पाय वाद आमच्याकडे लागूच नाही. ढोल कमरेला बांधलेला, त्याच्या एका पानावर (कातड्याच्या बाजूवर) टिपरू म्हणजे काठी, दुसऱ्यावर हाताची थाप. पाय फक्त चालायला. मी दोन रेषांचा स्टाफ घेतो, वर टिपरू, खाली थाप, व्हॉइस एकच. जनरल मिडीच्या (संगणकावरच्या वाद्यांच्या आवाजांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या) यादीत ढोल नाही, पण तक्त्यात स्टाफवरची जागा आणि आवाजाचा क्रमांक वेगवेगळे असतात. त्यामुळे टिपरूला ४३ आणि थापेला ४१ असे फ्लोअर टॉम लावून भागवतो. ऐकायला ढोल वाटत नाही, पण लय चुकली तर लगेच कळतं. ताशाला वेगळा स्टाफ.

राईडवाला : म्हणजे ताशा वेगळा काढलातच की! मी तेच म्हणतोय.

टिपरू : साहेब, ती दोन माणसं आहेत. ड्रमर एकटाच असतो.

राईडवाला : एकटा असला तरी चार अवयव वेगवेगळं वाजवतात. सराव करताना आधी पायांची ओळ, मग हातांची, असंच बसवतो आम्ही. तिहाई, तुमच्या एकेरी पानावरून फक्त पाय वाजवून दाखवा, मग बोलू.

तिहाई : दाखवतो. ठेका तुम्ही द्या, फक्त जॅझ नको.