शहर संग्रहालयात जुने नकाशे कसे मांडावेत?

प्रश्न: हाताने रंगवलेले शहराचे कागदी नकाशे दालनात कायमचे लावायचे आहेत. रंग उडू नयेत म्हणून काय करावं?

उत्तर १: कायमचे लावूच नका! प्रकाश 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) आत ठेवा. तीन-चार महिन्यांनी मूळ नकाशा उतरवून अंधारात सपाट ठेवा, जागी प्रत लावा. उडालेला रंग परत येत नाही.

उत्तर २: काच कागदाला टेकू देऊ नका. दमटपणात शाई काचेला चिकटते. मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट घाला.

उत्तर ३: फाटल्यास चिकटपट्टी नको, तिचा गोंद मुरून पिवळा डाग पडतो. जपानी कागद (पातळ पण चिवट असा दुरुस्तीचा कागद) आणि गव्हाची खळ वापरा. लॅमिनेशन तर अजिबात नको. चौकटीत घालण्याआधी मागच्या बाजूचाही फोटो घ्या, कधी कधी मोजणीचे शेरे तिथेच सापडतात.