पाचवी-आठवीला नापास: पोरं घडतील की गळतील?

घाटमाथा: शिक्षण हक्क कायदा २०१० ला लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मुभा दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तिथेही गेला तर पुन्हा तोच वर्ग. उत्तम झालं. मी नववीला गणित शिकवतो. भागाकार न येणारी पोरं वर्गात बसलेली असतात, आणि तुला हे जमत नाहीये असं त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. मग थेट दहावीचा निकाल सांगतो. पडायचंच असेल तर दहाव्या वर्षी पडावं. परत अभ्यासाला बसण्याचा चिवटपणा त्यातूनच येतो.

काळी_माती: सर, पडून उठलेले तेवढे भाषणं करतात. जे उठले नाहीत ते शाळेतच राहिले नाहीत, त्यांना विचारणार कोण? आमच्या बीडकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या गाड्या निघतात, पोरं आईबापाबरोबर जातात. फडावर धाकटं भावंड सांभाळायचं, पाणी भरायचं, मार्च-एप्रिलात परतायचं आणि लगेच परीक्षा. दहा वर्षांच्या त्या पोरीला चिवटपणा तुम्ही शिकवणार? ती नापास झाली की घरात एकच विषय निघतो, स्थळं बघा.

गणितात_गेलेला: दहावीला माझं गणित राहिलं होतं. एटीकेटीवर अकरावी कॉमर्सला बसलो, नंतर फेरपरीक्षेत विषय सोडवला. घरी बोलणी खाल्ली, पण वर्ष गेलं नाही, मित्र पुढे गेले नाहीत, म्हणून टिकलो. वर्ष गेलं असतं तर काकांच्या गॅरेजवर जायचं ठरलंच होतं.

घाटमाथा: म्हणजे माझंच म्हणणं. विषय राहिलाय हे कुणीतरी गुणपत्रिकेवर छापून दिलं, म्हणून तुम्ही बसलात ना अभ्यासाला? आणि ऊसतोडीचा प्रश्न हंगामी वसतिगृहं नीट चालवून सोडवा. त्यासाठी सगळ्या राज्यातली पोरं वर का ढकलायची?

सोसायटीवाली: आमच्याकडे पाचवीच्या मुलांना आत्ताच क्लास लागलेत. म्हणजे पैसेवाल्यांची पोरं नापास होणार नाहीतच. अपयशातून घडायचं काम बाकीच्यांनी करायचं!

काळी_माती: @घाटमाथा छापून द्या की, हरकत कुणाची आहे? भागाकार येत नाही असं स्वच्छ लिहा. पण फेरपरीक्षेआधी जादा शिकवायचं असंही त्याच दुरुस्तीत आहे, त्यावर कुणी बोलत नाही. मे महिन्यात शाळेला कुलूप असतं. शिकवणार कोण?

घाटमाथा: मी शिकवतो. पोरं आणा.

काळी_माती: पोरं मेमध्ये गावातच असतात. तुम्ही कधी येताय ते कळवा.