घराण्याच्या बायबलमध्ये माझी तारीख कोण लिहिणार?

मोहननगरची सिस्टर:

सर्वांना प्रभूत सलाम.

या जूनमध्ये सत्तर पूर्ण झाली. स्तोत्र ९० मध्ये आयुष्याचा हिशेब सांगितलाय ना, सत्तर वर्षं, नि अंगात बळ असलं तर ऐंशी, त्यातला पहिला आकडा गाठला. वाढदिवसाची प्रार्थना झाल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, आता पुढचं सगळं बोनस." बाया हसल्या, मीही हसले. मरणाची भीती वाटते म्हणून लिहीत नाहीये. सगळी नोकरी वॉर्डात गेली, किती जणांचे डोळे या हातांनी मिटले. माझा प्रश्न वेगळाच आहे, आणि इतका बारका की मंडळीत कोणाला विचारायला संकोच वाटतो.

आमच्याकडे आजोबांचं बायबल आहे. काळं कातडी कव्हर, शिवण उसवली म्हणून दोनदा शिवून घेतलेलं, दुसऱ्यांदा तर मोच्याकडून. जुना करार संपतो आणि मत्तय सुरू होतो त्यांच्या मधल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहिलेत. पान उलटलं की लगेच येशूची वंशावळ, म्हणजे जागा आजोबांनी विचार करूनच निवडली असणार. त्यांचं अक्षर टाकाचं, उभं, प्रत्येक नोंदीखाली रेघ. पपांचं अक्षर घाईचं. माझ्या पाठच्या भावाला त्या पानावर नावच नाही. नुसतं "मुलगा" आणि पुढे दोन तारखा, एकाच आठवड्यातल्या. त्याच्या खाली पपांनी लिहिलंय, "२९ नोव्हेंबर १९७०. आज सी.एन.आय. झाली." इथे नागपुरात ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एक मंडळी झाली, त्या दिवशी पपा तिथे होते. जन्म-मरणाच्या यादीत हे कशाला, असं मम्मी नेहमी म्हणायची. पण पपांच्या लेखी ते घरात मूल जन्मल्यासारखंच होतं.

आमच्या ह्यांची तारीख मी लिहिली. बॉलपेन नीट उठेना म्हणून परत गिरवली, त्यामुळे तेवढीच ओळ जाड दिसते.

मुलगा पुण्याला, मुलगी मेलबर्नला. दोघंही गुणी, फोन रोजचा. मुलगा म्हणतो, घर विकू, मम्मी तू इकडे ये, लिफ्ट आहे, खालीच दवाखाना आहे. मुलगी म्हणते, घर राहू दे, नाताळाला यायला मला माहेर हवं. (येते तीन वर्षांतून एकदा!) नातवंडांना मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. बायबल पुण्याला दिलं तर ते माळ्यावर जाईल, मेलबर्नला दिलं तर शोकेसमध्ये. मग त्या पानावर माझी ओळ लिहिणार कोण? घर, दागिने, एफडी यांची वाटणी होईल हो. एक पान कसं वाटायचं?

तुमच्या घरी काय केलंत ते सांगा. उपदेश नको, तो मी स्वतःच महिला मंडळात करते.

सदरचे निवृत्त कारकून:

सलाम सिस्टर. पानाचं मला कळत नाही, घराचं कळतं. कोर्टात जन्म गेला.

घर कोणाच्या नावावर आहे, तुमच्या की साहेबांच्या? त्यांच्या नावावर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर ते पूर्ण तुमचं नाही. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश मुलांना, आणि मुलगा-मुलगी दोघांना सारखंच. म्हणजे तुमच्या मृत्युपत्रात तुम्ही तुमचा तिसरा हिस्साच देऊ शकता. अख्खं घर विकायचं तरी दोन्ही मुलांच्या सह्या लागतील. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आई "घर धाकट्याला" म्हणून मोकळी होते, आणि मग भावंडं रविवारी उपासनेत वेगवेगळ्या बाकांवर बसतात.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही देणार त्याला किंवा त्याच्या बायकोला, मुलगी असेल तर तिच्या नवऱ्याला साक्षीदार करू नका, त्याला दिलेलं रद्द ठरतं. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका. जागा नझूलच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या, पट्ट्यावर किंवा मिशनच्या जमिनीवर असेल तर ते कागद आधी शोधा. आणि बायबलही त्यात लिहा, "आजोबांचं काळं बायबल अमक्याला" असं स्पष्ट. हसू नका. बायबलवरून बोलणं टाकलेले सख्खे भाऊ मी पाहिलेत.

हिंजवडीतला नागपुरी पोट्टा:

मावशी, वाचताना आमची आजीच बोलून राहिली असं वाटलं.

ज्यांना मराठी वाचता येत नाही म्हणता ना, मी त्याच पार्टीतला. वाचतो, पण अडखळत. खरं सांगू का, असं पान आम्हाला कोणी दाखवलंच नाही बाप्पा. आजी गेल्यावर तिचं बायबल माझ्याकडे आलं. त्यात जागोजागी चिठ्ठ्या. एकीकडून दुधाचा हिशेब, दुसरीकडून कोणासाठी काय मागायचं त्याची यादी. माझं नाव, समोर "दहावी", पुढे बरोबरची खूण. दुसऱ्या चिठ्ठीत "नोकरी", बरोबरची खूण. तिसरीत "लग्न". तिथे खूण करायची राहून गेली, त्यात आजीचा काही दोष नाही, माझाच सीन जमून नाही राहिला. ती चिठ्ठी मी पाकिटात ठेवतो. पोळीचे डाग आहेत तिच्यावर.

तर माझं म्हणणं, तुमच्यानंतर कोण लिहीन हे तुमच्यानंतरवर सोडू नका. नातवंडं आली की पेन त्यांच्या हातात द्या. स्वतःचं नाव, जन्मतारीख त्यांनाच लिहू द्या. इंग्रजीत लिहितील, वाकडंतिकडं लिहितील, लिहू द्या. "मुलगा" म्हणून जी ओळ आहे तिची गोष्ट सांगा त्यांना, पोरं अशा गोष्टी विसरत नाहीत. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका फक्त, तो दोन दिवसांत गुड मॉर्निंगखाली जाते.

जुना मास्तर:

उपदेश नको म्हणालात, पण मास्तरकीची खोड जात नाही.

स्तोत्र ९० ज्याच्या नावावर आहे त्या मोशेची कबर कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही. अनुवाद ३४ काढून बघा. हा वारशाचा घोर आपण हल्ली जरा जास्तच लावून घेतो, असं मला वाटतं. आपलं हिस्लॉप कॉलेज घ्या. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले, शाळा काढली, इथले दगड नि जीवाश्म गोळा केले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. वय ४५. मागे आवराआवर करायला सवडच मिळाली नाही. त्यांच्या नावाचं कॉलेज निघालं १८८३ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. आज पोरं "हिस्लॉपला आहे" म्हणतात, पण त्यांतल्या किती जणांना माणूस माहीत आहे? तरी शिकणारे शिकताहेतच.

पुण्याला जायचं की नाही, त्यासाठी मात्र २ शमुवेल १९ वाचा. बर्जिल्लय नावाचा ऐंशीचा म्हातारा. पळापळीच्या दिवसांत त्याने दाविदाला खाऊपिऊ घातलेलं. राजा म्हणतो, यरुशलेमेला चल, तुला सांभाळतो. हा म्हणतो, जेवणाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचं गाणं ऐकू येत नाही, राजाला माझं ओझं कशाला? मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरीपाशी मरू दे. माझ्याऐवजी हा तरुण किम्हाम ने. राजाने त्याचा मुका घेतला, आशीर्वाद दिला आणि म्हातारा परत फिरला. मला आवडतं ते हे, की आपलं काय करायचं ते त्याने स्वतः, शुद्धीत, समोरासमोर सांगितलं. आणि स्वतः राहिला तरी तरुणाला अडवून नाही ठेवलं.

खलाशी लाइनची शेजारीण:

मास्तर, मोशेची कबर ठाऊक नाही, पण त्याच्या मागे काम पुढे नेणारा यहोशवा होता ना.

सिस्टर, आम्ही कॅथलिक. दर २ नोव्हेंबरला कबरी धुतो, झेंडूची फुलं, मेणबत्त्या लावतो, फादर येऊन आशीर्वाद देतात. माझी मुलं लहानपणापासून येतात. आधी त्यांना फक्त मेणातच रस होता, आता क्रूसावरची नावं न बघता सांगतात. तुमचं पान घरात आहे म्हणून ते एकट्या तुमच्याकडे राहिलं. तारखा मोठ्याने वाचायचा एखादा दिवस ठरवा की.

मोहननगरची सिस्टर:

सगळ्यांचे आभार. कारकून भाऊ, घर ह्यांच्याच नावावर आहे आणि मृत्युपत्र नाही. म्हणजे मी तिसऱ्या हिश्श्याची मालकीण, आणि मुलांना दम देते "माझ्या घरात हे चालणार नाही" म्हणून! मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मग माझ्या तिसऱ्या हिश्श्यात मी लिफ्ट बसवतो.

मास्तर, बर्जिल्लयला जेवणाची चव कळत नव्हती. मला चांगली कळते, सावजीचा रस्सा अजून पचतो. तेव्हा पुण्याचं सध्या नाही, पण "सध्या" म्हणजे किती ते मुलाला मीच सांगेन, त्याला अंदाज करायला लावणार नाही. मुलगी या नाताळात येतेय, नातवंडांसकट. शाईचं पेन आणून ठेवलं. त्या पानावर जागा मात्र थोडीच उरलीय, आणि पोट्ट्याने म्हटल्याप्रमाणे वाकडंतिकडं लिहिलं तर मत्तयात घुसतील.

आणखी एक विचारायचं होतं. साक्षीदार म्हणून महिला मंडळातल्या दोघी तयार आहेत. एक अठ्ठ्याहत्तरची, दुसरी ब्याऐंशीची. चालतील का?

सदरचे निवृत्त कारकून:

कायद्याने चालतील. पण उद्या वाद झाला तर कोर्टात येऊन "सही माझ्यासमोर झाली" हे सांगायला साक्षीदार हयात लागतो. एक तरी चाळिशीतली सून बघा. तुमची नको, दुसऱ्या कोणाची.