मदत हवी आहे: मूत्रपिंडाच्या दाहात नायट्रिक ऑक्साईड वाचवतं की मारतं?

नमस्कार मंडळी,

शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करते आहे, दुसरं वर्ष. गेले तीन आठवडे एकाच तक्त्यासमोर बसून आहे आणि त्याचा अर्थ लागत नाहीये. जाणकारांनी कृपया वाट दाखवावी.

प्रयोग असा: उंदरांच्या दोन्ही मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा चिमटा लावून ३० मिनिटं बंद केला, मग सोडला आणि २४ तासांनी रक्त व ऊतक घेतलं. एक शॅम गट, म्हणजे नुसती चीर देऊन शिवलेला. एका गटाला चिमटा लावला पण औषध काहीच नाही. तिसऱ्याला एल-नेम, चौथ्याला १४००डब्ल्यू. एल-नेम नायट्रिक ऑक्साईड बनवणारी तिन्ही एन्झाइम रोखतं: मज्जापेशींतलं एन-नॉस, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं ई-नॉस आणि दाह पेटल्यावर तयार होणारं आय-नॉस. १४००डब्ल्यू मुख्यतः शेवटचं रोखतं.

माझं गृहीतक सरळ होतं. दाहात आय-नॉस बेसुमार नायट्रिक ऑक्साईड ओततं, त्यातून पेशी मरतात, म्हणून ते थांबवलं की मूत्रपिंड वाचेल. दोन्ही औषधांचा फायदा व्हायला हवा होता. १४००डब्ल्यूचा झाला. एल-नेमच्या गटात मात्र क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंड बिघडलं की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ, औषध न दिलेल्यांपेक्षाही वर गेलं. स्लाइडवर तर बघवत नाही: नलिकांच्या पेशी तळापासून सुटून आतल्या पोकळीत पडल्यात, मध्यकाचा (मूत्रपिंडाच्या आतल्या भागाचा) बाहेरचा पट्टा रक्ताने तुडुंब भरलाय आणि केशवाहिन्यांत पांढऱ्या पेशी दाटीवाटीने चिकटल्यात.

एवढं असतं तरी चाललं असतं. खरा घोळ पुढे आहे. नायट्रिक ऑक्साईडपासून उरणारं रक्तातलं एकूण नायट्राइट-नायट्रेट ग्रीस पद्धतीने मोजलं; जेवढं जास्त, तेवढा रंग गडद गुलाबी. ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये अभिकर्मक घातला, दहा मिनिटं थांबले, आणि एल-नेमच्या रांगेतले खाने औषध न दिलेल्या गटाइतकेच गुलाबी, किंबहुना कणभर गडदच! ज्या गटात नायट्रिक ऑक्साईड बनायलाच नको, त्याच गटात जास्त? नवा अभिकर्मक बनवून तीनदा करून पाहिलं. तेच. औषध निकामी होतं म्हणावं, तर शेपटीच्या पट्ट्याने मोजलेला रक्तदाब छान वाढला होता (वाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साईड थांबलं की दाब चढतो), म्हणजे औषध लागू पडलं होतं.

तर विचारायचंय एवढंच: नायट्रिक ऑक्साईड मूत्रपिंडातला दाह शमवतं की भडकवतं? आणि हा गुलाबी रंग नेमकं काय सांगतोय? मनापासून विचारते आहे, कारण पुढच्या गटातले प्राणी घेण्याआधी मला हे कळलंच पाहिजे. चुकीच्या प्रश्नासाठी प्राणी मारायचे नाहीत.

प्रतिसाद १

रंगाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. नायट्रिक ऑक्साईड शरीरात काही सेकंदच टिकतं. तुम्ही मोजता तो त्याचा उरलेला गाळ, आणि त्यात बहुतांश नायट्रेट. हे नायट्रेट बाहेर कोण टाकतं? मूत्रपिंडच. गाळणं बंद पडलं की ते रक्तात साचतं, क्रिएटिनीन साचतं तसंच. त्यात खाद्यातून आलेलं नायट्रेटही असतं. एल-नेम गटाची मूत्रपिंडं सगळ्यात जास्त बिघडली, म्हणून तिथे साठाही जास्त. नळ बंद केलात, पण मोरीही तुंबली. पाण्याची पातळी बघून नळाबद्दल काही कळणार नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मूळ प्रश्नाबद्दल लिहितो.

'वाचवतं की मारतं' असा प्रश्न केलात की उत्तर मिळतच नाही. कुठे बनतं, केव्हा बनतं आणि बनल्यावर त्याला कोण भेटतं, हे विचारा.

अस्तरातलं ई-नॉस सतत, थोडं थोडं बनवतं. त्याने सायक्लिक जीएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढून वाहिनी सैल राहते. मध्यकाच्या बाहेरच्या पट्ट्यात प्राणवायू एरवीच बेताचा असतो, तिथे हा रक्तप्रवाह म्हणजे जीव आहे. शिवाय हेच नायट्रिक ऑक्साईड एनएफ-कप्पा-बी या दाहाच्या स्विचला आवर घालतं. तो आवरला गेला की व्हीकॅम, आयकॅम यांसारखे चिकट रेणू अस्तरावर कमी उगवतात आणि पांढऱ्या पेशींना धरायला जागा उरत नाही. तुम्ही एल-नेमने हा पहारा उठवलात. केशवाहिन्यांत दाटलेल्या त्या पांढऱ्या पेशी त्याचाच पुरावा आहेत.

आय-नॉसचा मामला वेगळा. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ वगैरे दाहाच्या निरोप्यांच्या हाकेने मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी), मूत्रपिंडाच्या गाळण्यांतल्या मेसॅंजियल आणि नलिकांच्या पेशींत ते काही तासांनी उगवतं आणि मग मोकाट बनवत सुटतं. नेमका त्याच वेळी, रक्त परत सुरू झाल्यामुळे, सुपरऑक्साईडचा, म्हणजे प्राणवायूच्या घातक रूपाचा, लोंढा आलेला असतो. दोघांची गाठ पडली की पेरॉक्सीनायट्राइट. प्रथिनं, मेद, डीएनए, काहीच सोडत नाही ते.

आणि ज्याकडे लोक फार कमी बघतात ते: टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा ई-नॉसचा मदतनीस रेणू कमी पडला की खुद्द ई-नॉस नायट्रिक ऑक्साईडऐवजी सुपरऑक्साईड बनवू लागतं. पहारेकरीच फितूर होतो म्हणा ना. त्यामुळे 'ई-नॉस चांगलं, आय-नॉस वाईट' अशीही कायमची वाटणी करून ठेवू नका.

मूळ लेखिका

दोघांचेही खूप आभार! तुंबलेल्या मोरीचं पटलं. तीन आठवडे अभिकर्मकावर संशय घेत बसले होते.

आता पुढे काय मोजू? नायट्रोटायरोसीनचा रंग करून पाहिला तर? पेरॉक्सीनायट्राइट जिथे काम करून गेलं तिथे तपकिरी छाप उरेल, असं वाटतंय. आणि दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात एडीएमए वाढतं, ते तर शरीरातलंच एल-नेमसारखं रसायन. म्हणजे माझा 'बिघडलेला' गटच त्या रुग्णांच्या जास्त जवळचा ठरतो का?

प्रतिसाद २

नायट्रोटायरोसीन जरूर करा, पण शेजारच्याच कापावर आय-नॉसचा रंगही करा. दोन्ही छाप एकाच नलिकेवर पडले तर बोलता येईल. लघवीतलं सायक्लिक जीएमपी क्रिएटिनीनच्या प्रमाणात काढा, मात्र त्यात हृदयाच्या संप्रेरकांचाही वाटा असतो हे ध्यानात ठेवा.

एक गट मात्र हवाच: एल-नेमसोबत हायड्रालाझिन हे रक्तदाब उतरवणारं औषध, दाब शॅमइतका आणण्यापुरतं. नाहीतर झालेली हानी वाढलेल्या दाबाची की दाह मोकाट सुटल्याची, हे कधीच वेगळं काढता येणार नाही.

एडीएमएबद्दल: दिशा बरोबर आहे. १९९२ मध्येच दाखवलं गेलं की मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या रक्तात ते साचतं. पण ते वर्षानुवर्षं हळूहळू चालतं, तुमचा प्रयोग २४ तासांचा. एवढी उडी मारू नका.

प्रतिसाद ३

उशिरा आलो, पण राहवत नाही म्हणून लिहितो. सगळी एन्झाइम सरसकट रोखण्याचा प्रयोग माणसांवर झालेला आहे. सेप्टिक शॉकच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या, ७९७ रुग्णांवर ५४६सी८८ नावाचं औषध वापरलं, निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. रक्तदाब सुधारला, पण २८ दिवसांत औषध घेतलेल्यांपैकी ५९ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी ४९. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तुमचा एल-नेम गट हे लहान प्रमाणावर पुन्हा सांगतोय.

अजून एक: उंदरांची मॅक्रोफेज आय-नॉस भरभरून बनवतात, माणसांची तेवढी नाही. १४००डब्ल्यूने उंदीर वाचले म्हणून प्रबंधात 'उपचार' हा शब्द घालू नका.

मूळ लेखिका

शब्द काढला. हायड्रालाझिनचा गट मार्गदर्शकांना सांगितला, ते तयार आहेत, आणि प्राणी-नैतिकता समितीकडे वाढीव अर्ज जातोय. दरम्यान ठेवणीतल्या कापांवर नायट्रोटायरोसीन करून पाहिलं. औषध न दिलेल्या गटात बाहेरच्या पट्ट्यातल्या नलिकांना जाड तपकिरी कडा आहे. १४००डब्ल्यूमध्ये ती जेमतेम दिसते. एल-नेममध्येही फिकीच आहे, आणि तरी त्या नलिका मेलेल्या आहेत.

म्हणजे त्या पेरॉक्सीनायट्राइटने नाही, रक्ताविना मेल्या. बरोबर वाचतेय ना मी?