बास्क शीघ्रकवी आणि विजेत्याची टोपी

प्रश्न (लोहा, जि. नांदेड):
माळेगावच्या यात्रेत विजेत्या मल्लाला फेटा बांधताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. स्पेन-फ्रान्स सीमेवरील बास्क लोकांत कवने रचून गाणाऱ्यांच्या स्पर्धा होतात व जिंकणाऱ्याला टोपी मिळते, असे वाचले. ही कवने खरोखर आयत्या वेळी रचलेली असतात का?

उत्तर (अंबाजोगाई):
होय. अशा गायकाला ‘बेर्त्सोलारी’ म्हणतात. विषय त्याला मंचावरच कळतो, चाल मात्र बहुधा परिचित असते, आणि वाद्याच्या साथीवाचून तो काही क्षणांत कडवे उभे करतो. यातले मर्म असे की, शेवटची ओळ तो आधी मनात पक्की करतो आणि मग तिच्याकडे नेणाऱ्या ओळी गाता गाता जुळवतो. ‘सोर्त्सिको चिकी’ या छंदात आलटून पालटून 7 व 6 अक्षरांच्या आठ ओळी असतात आणि यमक सम ओळींत येते. अभंगाची अक्षरे बोटांवर मोजणाऱ्यांना हे परके वाटू नये.

उत्तर (परभणी):
टोपी लोकरीची, गोल व चपटी असते. तिला ‘चापेला’ म्हणतात, आणि ‘चापेल्दुन’, म्हणजे टोपी असलेला, या शब्दाचा बास्क भाषेतील रूढ अर्थच विजेता असा आहे. दर चार वर्षांनी होणारी मुख्य स्पर्धा 2009 मध्ये मायालेन लुहान्बियो यांनी जिंकली. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. कलगी-तुऱ्यासारखा समोरासमोर सामनाही होतो का?

उत्तर (अंबाजोगाई):
होतो. दोघांना भूमिका नेमून दिल्या जातात, उदाहरणार्थ बाप व लेक, आणि ते कडव्यास कडव्याने उत्तर देतात.